शेजारच्या रानात वसाहत येते तेव्हा

एखाद्या दिवशी सकाळी तुम्ही रानात जाता आणि बांधापलीकडे चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघा दिसतात. जागोजाग खुंट्या, खुंट्यांना लाल फडकी. परवापर्यंत तिथे हरभरा उभा होता. मळ्याच्या रस्त्याला दोन पांढऱ्या मोटारी लागलेल्या असतात आणि टोपी घातलेला एक मुलगा तिपाईवरच्या दुर्बिणीतून तुमच्याच विहिरीकडे पाहत असतो. घरी येऊन चहा घेईपर्यंत बातमी कळते की, तिथे चारशे घरांची वसाहत होणार आहे.

अशा वेळी आपण बहुतेक जण एकच वाक्य बोलतो. "त्याची जमीन, त्यानं विकली. आपल्याला काय त्याचं?"

वाचकहो, हे वाक्य मीही बोललो आहे, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. माझ्या मामांचे गाव एका मोठ्या शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. गावाचे नाव सांगत नाही. तशी गावे तुमच्या पाहण्यात दहा असतील. शिवारातून एक ओढा वाहतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला दहा एकरांत प्लॉट पडले. पलीकडे जायला रस्ता हवा, म्हणून ओढ्यात दोन-दोन फुटांचे सिमेंटचे पाइप टाकले आणि वरून मुरूम लोटला. रस्ता छान झाला. मामा स्वतः त्या रस्त्याने जात-येत होते आणि "बरं झालं, चिखल तुडवायचा चुकला" असे म्हणत होते. पुढे उत्तरा नक्षत्रात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. दहा एकरांचे पाणी पूर्वी मातीत मुरत, बांधाबांधाला थांबत, दमादमाने ओढ्यात यायचे. आता ते डांबरावरून आणि काँक्रीटवरून एकदम आले. पाइपात ते मावेना. वळसा घालून ते शिरले थेट मामांच्या कांदाचाळीत. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात मामी आणि दोन्ही सुना खालच्या थरातला कांदा उपसत होत्या. दिवाळीनंतर भाव येईल म्हणून राखलेला माल होता तो. आठ दिवसांत त्याला कोंब फुटले आणि चाळीला वास सुटला.

मामा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने काही उद्धटपणा केला नाही. त्याने फाइल काढली आणि एक कागद दाखवला. त्या गटाचा शेतीचा पट्टा बदलून रहिवासाचा करण्याची नोटीस दीड वर्षापूर्वी निघाली होती. हरकतीसाठी महिन्याची मुदत होती. पुढे एका ओळीत लिहिले होते की, गावातून एकही हरकत आलेली नाही. ती नोटीस पंचायतीच्या फळ्यावरही लागली होती म्हणे. कुणी वाचली नाही. तिच्यावर लसीकरणाचे पत्रक चिकटवलेले होते.

त्या एका ओळीमुळे हा लेख लिहायला बसलो.

पिवळा रंग आणि हिरवा रंग

वसाहत उभी राहण्याआधी सरकारदरबारी निदान दोन मोठे निर्णय व्हावे लागतात. ही जमीन घरांसाठी वापरायची की नाही, हा पहिला. तिथे एवढी घरे बांधली तर पाणी, माती, ओढे-नाले, झाडे यांचे काय होईल, हा दुसरा. पहिल्याला आपण 'झोन' म्हणतो आणि दुसऱ्याला पर्यावरण मंजुरी. खुंट्या आणि फक्की ही या सगळ्याच्या कितीतरी नंतरची गोष्ट आहे. आपल्याला जी सुरुवात वाटते, ती कागदावर जवळजवळ शेवट असते.

झोनचा कायदा जुना आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ असे त्याचे लांबलचक नाव. त्याखाली मोठ्या भागाची प्रादेशिक योजना होते आणि शहरांची, नगरपालिकांची किंवा प्राधिकरणांच्या हद्दीतल्या गावांची विकास योजना होते. योजना म्हणजे मुख्यतः एक रंगीत नकाशा आणि सोबत नियमांचे पुस्तक. त्या नकाशात हिरवा रंग शेतीचा आणि पिवळा रहिवासाचा. गावाकडची माणसे 'यलो झोन पडला' म्हणतात ते यावरूनच. त्या एका रंगाने एकराचा भाव कुठल्या कुठे जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि म्हणूनच नकाशा रंगवला जात असताना काही माणसे कचेरीत रोज हेलपाटे घालत असतात. शेतकरी त्या वेळी पेरणीत असतो.

पण कायद्याने शेतकऱ्यालाही दार ठेवले आहे. प्रारूप, म्हणजे कच्ची योजना आधी प्रसिद्ध करावी लागते आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. प्रादेशिक योजना असेल तर किमान चार महिने मिळतात. विकास योजना असेल तर आता तीसच दिवस. मंजूर योजनेत एखाद्या गटापुरता फेरबदल करायचा असला, तर मुदत साधारण महिनाभराची. जाहिरात शासन राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. नकाशा कचेरीत पाहायला ठेवलेला असतो आणि हल्ली संबंधित खात्याच्या संकेतस्थळावरही असतो. हरकत घ्यायला वकील लागत नाही. हरकत घेणाऱ्याला सुनावणीला बोलावतात आणि तिथे तुमच्या तोंडून तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

हरकतींनी काय होते, असे तुम्ही म्हणाल. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आपली प्रारूप विकास योजना २ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध केली. तिच्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या. बागायती जमिनीतून गेलेले रस्ते, घरादारावर पडलेली आरक्षणे, एकाच्या जमिनीला पिवळा तर लागून असलेल्याला हिरवा रंग, अशा नाना तक्रारी होत्या. वर्षानुवर्षे सुनावण्या आणि कोर्टकज्जे चालले आणि २०२५ साली राज्य सरकारने ती योजना रद्दच करून टाकली. रद्द झाली हे सगळ्यांच्या फायद्याचे झाले असे मी म्हणणार नाही. योजना नसली की बांधकामे थांबत नाहीत, ती नुसती वेडीवाकडी होतात. पण ६७ हजार कागद कुणाला केराच्या टोपलीत टाकता आले नाहीत, हे खरे.

गोव्यातली गोष्ट

मुदतीत जागे झाल्यावर काय होते, याचे आणखी मोठे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 'प्रादेशिक आराखडा २०११' ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उघडून पाहिले तर डोंगरउतार, बागायती आणि शेते जागोजाग वस्तीसाठी रंगवलेली. गोव्याचा शेतकरी भात पिकवतो ती खाजणे बांध फुटला की बुडतात आणि त्याच्या कुळागराला डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी लागते. डोंगर कापला की झरा गेला, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. गावोगाव सभा झाल्या, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर माणसांचा समुदाय जमला. जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला.

पुढे जे झाले ते मला जास्त मोलाचे वाटते. नवा आराखडा करायला नेमलेल्या कृतिदलाचे प्रमुख होते नामवंत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. या वेळी मसुद्याचे गाववार नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले आणि लोकांनी आपापल्या गावाचा नकाशा जमिनीवर पसरून त्यावर बोटे ठेवून सांगितले की, ही नदी तुम्ही विसरलात, इथे देवराई आहे, इथे पावसाळ्यात पाणी साचते. नगररचनेची पदवी घेतलेल्या माणसाला हे कळायला काही मार्ग नसतो. तो नकाशा उपग्रहाच्या चित्रावरून करतो आणि चित्र बहुधा उन्हाळ्यातले असते.

गोव्यातला झगडा तिथे संपला असे मात्र नाही. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले आणि आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट मोकळी झाली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. पुढच्या दाराला कडी घातली की मागच्या दाराने यायचे, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही.

लवासात उशीर कसा झाला

आता उलटे उदाहरण. लवासाचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुणे जिल्ह्यात मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यात, मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या पाण्याभोवती हे नवे शहर वसवायचे ठरले. वरसगावचे पाणी खडकवासल्यात येते, म्हणजे पुणे शहराला प्यायला आणि खाली कालव्यावरच्या शेतीला लागणारे ते पाणी आहे.

इथे झोन बदलला तो एका फटक्यात. १९९६ साली राज्य सरकारने थंड हवेची ठिकाणे विकसित करण्यासाठी खास नियम केले आणि १ जून २००१ रोजी अठरा गावांचा परिसर त्यासाठी अधिसूचित केला. मावळातल्या त्या गावांत तेव्हा राजपत्र कोण वाचत होते? रस्ता सुद्धा धड नव्हता.

मग पर्यावरणाचा प्रश्न आला. त्या वेळी देशात १९९४ ची पर्यावरणविषयक अधिसूचना लागू होती. मोठ्या प्रकल्पाने आधी परिणामांचा अभ्यास करावा, केंद्राची मंजुरी घ्यावी आणि मगच कुदळ मारावी, असे तिचे सूत्र. पण तिच्या यादीत घरबांधणी नव्हतीच. पर्यटन प्रकल्प होते, तेही डोंगराळ भागात हजार मीटरपेक्षा उंच जागी असले तर. कंपनीचे म्हणणे असे की, आमची जागा तेवढी उंच नाही, म्हणून केंद्राकडे जायचे कारण नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याने १८ मार्च २००४ रोजी मंजुरी दिली. त्यानंतर चारच महिन्यांनी, ७ जुलै २००४ रोजी, केंद्राने अधिसूचना दुरुस्त करून मोठी बांधकामे आणि नव्या वसाहती त्या यादीत घातल्या. मग २००६ ची नवी अधिसूचना आली. लवासाचे काम चालू राहिले.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची कारणे दाखवा नोटीस निघाली २५ नोव्हेंबर २०१० रोजी. म्हणजे अठरा गावांची अधिसूचना निघून साडेनऊ वर्षे झाल्यावर! जानेवारी २०११ च्या आदेशात मंत्रालयाने हे बांधकाम अधिसूचनांचा भंग करणारे आणि अनधिकृत ठरवले. पण तोवर दासवे भागात रस्ते झाले होते, इमारती उभ्या होत्या, लोकांनी घरांचे पैसे भरले होते. एवढे सगळे पाडणार कोण? शेवटी ९ नोव्हेंबर २०११ रोजी सुमारे दोन हजार हेक्टरांच्या पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. पुढे कंपनीच कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. डोंगर कापले ते कापलेच राहिले.

यातली शेवटची गोष्ट नीट वाचा. लवासाला मिळालेल्या खास सवलतींना आव्हान देणारी एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाली काढली. काही बाबतींत न्यायालयाने आक्षेपांत तथ्य असल्याचे म्हटले, तरी हस्तक्षेप केला नाही. मोठे कारण एकच, फार उशिरा आलात. माझ्या मामांना कारकुनाने जे सांगितले, तेच मोठ्या कोर्टात मोठ्या शब्दांत सांगितले गेले.

पाण्याचा हिशेब तुम्ही करा

पर्यावरण मंजुरीचा आजचा नियम २००६ च्या अधिसूचनेतला आहे. ज्या बांधकामाचे एकूण क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा जास्त, म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांच्या जरा आत-बाहेर, त्याला ही मंजुरी लागते. मध्यम आकाराच्या घरांचा हिशेब केला तर अडीचशे-तीनशे घरांची वसाहत यात येते. दीड लाख चौरस मीटर बांधकाम किंवा पन्नास हेक्टर जमीन झाली की ती 'नगर वसाहत' गणली जाते आणि तिला अभ्यासाचे नियम अधिक कडक असतात. राज्य पातळीवर तज्ज्ञांची एक समिती अर्ज तपासते आणि एक प्राधिकरण मंजुरी देते.

इथे दोन खाचा आहेत. पहिली अशी की, एकाच मालकाची एकच वसाहत कागदावर तीन नावांनी, तीन तुकड्यांत दाखवली की प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली राहतो. तुमच्या शेजारी 'टप्पा एक', 'टप्पा दोन' अशा पाट्या दिसल्या तर बेरीज करून पाहा. दुसरी खाच अशी की, कारखान्याला किंवा खाणीला जशी गावात मांडव घालून जनसुनावणी घ्यावी लागते, तशी घरांच्या वसाहतींना लागत नाही. अधिसूचनेने त्यांना त्यातून वगळले आहे. मला हे पटत नाही. कारखान्याचा धूर दिसतो तरी, वसाहतीचे सांडपाणी रात्रीच सोडतात. पण नियम आहे तो असा आहे. म्हणून कुणी बोलावेल याची वाट पाहू नका. बोलावणे यायचे नाही.

अर्जाची कागदपत्रे मात्र गुप्त नसतात. केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर ती पाहता येतात. घरात कॉलेजला जाणारे एखादे पोरगे असेल तर त्याच्या हातात तसाही दिवसभर मोबाइल असतोच, त्याला कामाला लावा. तेही जमले नाही तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. कागद इंग्रजीत असतात, जाडजूड असतात. सगळे वाचू नका. पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार आणि पावसाचे पाणी कुठून वाहून नेणार, एवढी तीन पाने शोधा.

आणि आकडे बिल्डरच्या नव्हे, आपल्या मापाने मोजा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चारशे घरे, घरटी पाच माणसे, म्हणजे दोन हजार माणसे. रोजचे पाणी झाले दोन लाख सत्तर हजार लिटर. दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर. एका एकरावर एक इंच पाणी उभे केले तर साधारण लाखभर लिटर लागते. तेव्हा ही वसाहत रोज तुमच्या एकरभर पिकाची एक चांगली पाळी पिऊन टाकणार. रोज, वर्षाचे ३६५ दिवस, मे महिन्यातसुद्धा. अर्जात 'ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा' असे लिहिलेले असेल, तर तुमच्या नळाला दिवसाआड किती वेळ पाणी येते ते आठवा आणि ग्रामसभेत उठून विचारा की, हा ना-हरकत दाखला कुणी आणि कशाच्या जोरावर दिला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा झेंडा फडकवून पेढे खाण्यापुरत्या नसतात. भगिनींनो, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर जास्त बरे. हंडा तुमच्या डोक्यावर असतो, आणि सरपंचांना बायांना 'गप बसा' म्हणणे अवघड जाते.

त्या पाण्यातले जवळपास ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. आपल्या उदाहरणात रोज दोन लाख लिटरच्या वर. कागदावर शुद्धीकरण यंत्रणा असतेच. ती खरोखर बांधलीही जाते. पण पाच-सात वर्षांनी बिल्डर वसाहत रहिवाशांच्या सोसायटीकडे सोपवून निघून जातो, यंत्रणेचे विजेचे बिल सभासदांच्या डोळ्यांत येते आणि मग मोटर बंद पडते ती पडतेच. मामांच्या गावच्या ओढ्यात आता बारमाही पाणी आहे. पूर्वी ते पौषात आटायचे. नव्या माणसाला वाटते, काय छान, ओढा जिवंत आहे! जवळ गेले की नाकाला रुमाल लावावा लागतो. काठावरच्या दोन विहिरींचे पाणी गुरेसुद्धा तोंडाला लावत नाहीत.

पावसाच्या पाण्याचाही हिशेब सोपा आहे. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. दहा एकरांवर चाळीस लाख. रानात त्यातले बरेचसे मुरते. फरसबंदीवर मुरायला जागा नाही, ते निघते. दोन फुटांच्या पाइपातून ते जाईल का, हे मामांच्या कांद्याने सांगितले आहेच.

मंजुरी मिळून गेली असेल तरीही एक शेवटची संधी उरते. ती बहुतेकांना ठाऊक नाही. मंजुरीची जाहिरात जिल्ह्यातल्या दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला पाठवावी लागते. पंचायतीने ती तीस दिवस लावून ठेवायची असते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. योग्य कारण दाखवले तर आणखी साठ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. शिवाय मंजुरीतल्या अटी पाळल्या की नाहीत, याचा अहवाल दरवर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. ओढ्यात फेस दिसला तर तो अहवाल मागा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कचेरीला फोटोंसह अर्ज द्या. तक्रार तोंडी करू नका. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावर काढलेली रेघ.

आपल्या गटाचेही पाहा

दुसऱ्याच्या जमिनीचा नकाशा पाहायला जाल तेव्हा आपला गट नंबरही पाहून या. तुमच्या उसात शाळेचे, बागेचे किंवा अठरा मीटर रस्त्याचे आरक्षण पडलेले असू शकते आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. त्यानंतर चोवीस महिन्यांतही संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण जाते. पण नोटीस दिली पाहिजे. आपोआप काही होत नाही.

वाटेचेही तसेच. वसाहतीला कुंपणभिंत पडते आणि पाणंद बंद होते. आजोबांपासून बैलगाडी जात होती तिथून आता उसाचा ट्रॅक्टर जाईना. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेजारधर्म म्हणून वर्षभर थांबलात की तो दरवाजा बंद.

शेजारधर्मावरून आठवले. त्या प्लॉटांवर राहायला आलेल्या एका बाईंनी मामींच्या शेणखताच्या ढिगाविषयी पंचायतीत तक्रार केली, की वास येतो. मामी म्हणाल्या, "आधी कोण आलं होतं, ढीग का तुम्ही?" पुढे दोघींची गट्टी जमली. मामी त्यांना मेथीच्या जुड्या देतात आणि त्या बाई मामींना इंग्रजी कागद वाचून दाखवतात. त्यांनाही प्यायला टँकरचेच पाणी येते. घर घेताना 'चोवीस तास पाणी' असे छापील पुस्तकात लिहिले होते, म्हणतात. तेव्हा नव्या वसाहतीतली माणसे म्हणजे वैरी, असे धरून चालू नका. शहरात घर परवडत नाही म्हणून ती इकडे येतात. उद्या त्यांत तुमचा-माझा मुलगाही असेल.

गेल्या वर्षी मामांच्या गावाचा नवा प्रारूप नकाशा लागला. या वेळी तो मामांनी स्वतः जाऊन पाहिला. खालच्या अंगाची सात एकर पिवळी झाली होती आणि तिच्यातून जाणारा ओढा नकाशात नव्हताच. मामांनी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढला, त्यात ओढा ठळक होता. शेतात उभे राहून नातवाकडून पावसातले फोटो काढून घेतले. एक पानी हरकत लिहिली: अमुक गटात असे दाखवले आहे, जागेवर असे आहे, हा पुरावा, ओढा दाखवावा आणि त्याच्या दोन्ही काठांना जागा सोडावी. सोबत सातबारा. दोन प्रती नेल्या आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. गावातल्या आणखी एकोणतीस जणांनी आपापली हरकत दिली, कारण तीस जणांच्या सह्यांचा एक अर्ज एकच हरकत म्हणून मोजला जाईल असे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

सुनावणीला मामा धुवट धोतर नेसून गेले. टेबलामागच्या साहेबांनी विचारले, "आजोबा, घरं होऊ नयेत असं म्हणणं आहे का तुमचं?"

"घरं खुशाल होऊ द्या साहेब," मामा म्हणाले. "माझा ओढा तेवढा कागदावर काढा. तो तिथंच आहे, तुम्ही काढला नाही तरी तो यायचा राहत नाही."

साहेब हसले आणि त्यांनी शेजारच्या सहायकाला काहीतरी लिहून घ्यायला सांगितले. निकाल अजून लागलेला नाही. शिक्का मारलेली पोच मामांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे आणि दर सोमवारी बाजाराला जाताना ते पंचायतीच्या फळ्यापाशी थांबतात. वरची पत्रके उचलून खाली काय लावले आहे तेही वाचतात.